सौरवीज आली, बॅटरीचे काय?

जुलै २०१८च्या अतिवृष्टीत वसई-विरार जलमय झाले आणि सुरक्षिततेसाठी महावितरणला अनेक भागांचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. तो अंधार अनुभवलेला रहिवासी छतावर सौरपॅनेल बसवतो, तेव्हा बिल घटण्याइतकीच त्याला अखंड विजेची आस असते. नेमकी हीच अपेक्षा फोल ठरते. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने ३ किलोवॉट व त्यावरील घरगुती संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरवले; परंतु ही रक्कम पॅनेलच्या क्षमतेवर बेतलेली आहे. बॅटरीविना, केवळ ग्रिडला जोडलेला संच वीज जाताच आपोआप बंद पडतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी ही तरतूद अपरिहार्यच आहे.

मग बॅटरी घ्यावी, तर तिचाही घात पावसाळाच करतो. ढगाळ हवेत लेड-ॲसिड बॅटरी दिवसचे दिवस अर्धवट चार्ज राहिली, की प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून वीज असेल तेव्हा ग्रिडवरून ती पूर्ण चार्ज करून देणारा इन्व्हर्टर हवा. निम्म्याहून अधिक ती उतरू नये. डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचे पाणी ओतण्याची काटकसर तर महागातच पडते. लिथियम बॅटरीला ही निगा लागत नाही, मात्र किंमत बरीच जास्त. आणि तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेली बॅटरी, कोणत्याही प्रकारची असो, पुराच्या पाण्यात निकामी होते. वसईत तिची जागा उंच, हवेशीर मांडणीवरच असावी.