दिवाणखान्यातील प्रार्थनासभा आणि राज्यसत्तेचे भय

१४ ऑगस्ट २०१६, रविवार. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची आदली सकाळ. आपल्या चर्चमध्ये सणाची तयारी चालू असताना मॉस्कोच्या नैर्ऋत्येस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील ओर्योल या शहरात एका घराच्या दिवाणखान्यात काही माणसे बायबलवाचनासाठी जमली होती. घर होते डोनाल्ड ऑसेवार्ड या अमेरिकन बॅप्टिस्ट गृहस्थांचे. ते सपत्नीक अनेक वर्षे तेथे राहत होते. रविवारी घरी प्रार्थना करावी, पवित्र शास्त्र वाचावे आणि शेजारपाजारच्यांना त्याचे आमंत्रण द्यावे, हा त्यांचा परिपाठ होता. आमंत्रणाची पत्रके इमारतींच्या सूचनाफलकांवर लावली जात. त्या सकाळी तीन पोलीस घरात आले, प्रार्थना संपेपर्यंत थांबले, जमलेल्यांची चौकशी केली आणि यजमानांना पोलीस ठाण्यात घेऊन गेले. त्याच दिवशी न्यायालयाने त्यांना चाळीस हजार रूबल दंड ठोठावला. अपराध कोणता? शासनाला न कळविता 'मिशनरी कार्य' केले हा!

त्यांनी कोणावर बळजबरी केली, कोणाला पैशांचे आमिष दाखविले किंवा कोणाच्या देवाची निंदा केली, असा आरोप नव्हता. एक सूचनापत्रक आणि एक प्रार्थनासभा एवढाच पुरावा होता. ही घटना दूरदेशीची आणि आपल्यापासून वेगळ्या झालेल्या एका ख्रिस्ती पंथाची आहे. परंतु त्या दिवाणखान्यात उपस्थित झालेला प्रश्न आपल्या उंबरठ्यापाशीही उभा आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

ज्या कायद्यान्वये हा दंड झाला तो कायदा तेव्हा अवघ्या चार आठवड्यांचा होता. ६ जुलै २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि २० जुलैपासून तो अमलात आला. इरिना यारोवाया या लोकप्रतिनिधींच्या नावावरून तो 'यारोवाया कायदा' म्हणून ओळखला जातो. उद्देश सांगितला गेला दहशतवादविरोधाचा; परंतु त्याच्या पोटात सुवार्ताप्रसारावरील निर्बंध घालण्यात आले. ते निर्बंध तीन प्रकारचे आहेत. पहिला व्यक्तीवर: धर्मसंस्थेचे अधिकृत पत्र जवळ असल्याशिवाय तिच्या वतीने श्रद्धेविषयी परक्याशी बोलता येत नाही. दुसरा स्थळावर: राहत्या घरात उपासना चालेल, परंतु मिशनरी कार्य चालणार नाही. तिसरा समूहावर: अगदी लहान प्रार्थनागटानेही आपल्या अस्तित्वाची सूचना शासनाला दिली पाहिजे. व्यक्तीला पाच हजारांपासून पन्नास हजार रूबलपर्यंत, तर संस्थेला एक लाखापासून दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

या रचनेतील मेख ध्यानात घ्यावी. शासन असे म्हणत नाही की, 'तुम्ही प्रार्थना करू नका.' शासन म्हणते, 'प्रार्थना खुशाल करा, मात्र दार बंद ठेवा.' प्रार्थनेला मुभा, आमंत्रणाला बंदी. सहभागिता, प्रार्थना आणि सुवार्ताप्रसार यांची अशी फाळणी करता येईल काय? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आद्य ख्रिस्ती समूहाचे जे चित्र आहे, त्यात प्रेषितांची शिकवण, परस्परांची सोबत, भाकर मोडणे आणि प्रार्थना ही सारी एकाच जीवनाची अंगे आहेत; आणि त्या जीवनाकडे पाहूनच दररोज नवी माणसे त्यात येत होती. घरात लावलेल्या दिव्याचा उजेड खिडकीबाहेर जाणारच! उजेड बाहेर पडू नये, असा आदेश देणाऱ्याला अखेरीस दिवाच मालवावा लागतो.

रशियातील बॅप्टिस्टांना हा अनुभव नवा नाही. १८६७ साली तिफ्लिस, म्हणजे आजच्या त्बिलिसी, येथील कुरा नदीत निकिता वोरोनिन नावाच्या व्यापाऱ्याचा बाप्तिस्मा झाला, तेथून त्यांचा इतिहास सुरू होतो. झारच्या काळी त्यांच्याकडे परकी पंथ म्हणून पाहिले गेले. सोव्हिएत राजवटीने १९२९ च्या कायद्याने धर्मसमूहांना चार भिंतींच्या आतील उपासनेपुरते मर्यादित केले. १९६० साली तर बॅप्टिस्टांच्या मान्यताप्राप्त संघटनेच्याच नेतृत्वाने, शासनाच्या दडपणाखाली, आपल्या पाळकांना सूचना धाडल्या: मिशनरी उत्साहाला आवर घाला, मुलांना उपासनेपासून दूर ठेवा, तरुणांचे बाप्तिस्मे शक्य तितके कमी करा. ज्या मंडळ्यांना हे मानवले नाही त्या वेगळ्या झाल्या. गेन्नादी क्र्युच्कोव्ह आणि गेओर्गी विन्स हे त्यांचे पुढारी. त्यांनी नोंदणी नाकारली व शिक्षा पत्करली.

या लोकांची सहभागिता कशी होती, हे पाहण्यासारखे आहे. १९६४ साली कैद्यांच्या नातेवाइकांनी, त्यातही मुख्यतः स्त्रियांनी, आपली एक परिषद स्थापन केली. कोण कोठे कैदेत आहे, त्याच्या घरी मुले किती आहेत, याच्या याद्या त्या ठेवीत आणि त्या नावांसाठी प्रार्थना होई. छापखाना चालविण्याची परवानगी नव्हती, म्हणून गुप्त छापखाने उभारून शुभवर्तमाने छापली गेली. त्यांपैकी एक १९७४ साली लाटव्हियात पोलिसांच्या हाती लागला. विन्स यांचे वडील कैदेत मरण पावले होते. स्वतः विन्सही वर्षानुवर्षे कैदेत राहिले. अखेर एप्रिल १९७९ मध्ये, अमेरिकेच्या ताब्यातील दोन सोव्हिएत हेरांच्या बदल्यात सोडलेल्या पाच कैद्यांत ते होते. आजही नोंदणी न करणाऱ्या बॅप्टिस्ट मंडळ्या रशियात आहेत. अलीकडच्या वर्षांत अशा काही मंडळ्यांच्या कार्यावर न्यायालयांनी बंदी घातली, ती शासनाला सूचना दिली नाही एवढ्याच कारणाने. या मंडळ्यांचे म्हणणे साधे आहे: प्रार्थनेसाठी एकत्र येण्याची अनुज्ञा प्रभूने दिली आहे, ती पुन्हा कचेरीत मागण्याचे कारण काय?

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियात परदेशी प्रचारकांचा लोंढा आला. सत्तर वर्षे छळ सोसून नुकतेच श्वास घेऊ लागलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चला वाटले की, आपल्या घरात परके लोक शिरत आहेत. त्या भावनेतून १९९७ चा धर्मविषयक कायदा आला आणि त्याच्या प्रस्तावनेत ऑर्थोडॉक्स चर्चच्या विशेष स्थानाचा उल्लेख झाला. हा रोष आपल्यावरही निघाला. फेब्रुवारी २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रशियात चार कॅथलिक धर्मप्रांतांची रचना केली, तेव्हा कॅथलिकांवरही धर्मांतरासाठी जाळे टाकल्याचा आरोप झाला आणि त्याच वर्षी इर्कुत्स्कचे महागुरू येर्झी माझुर यांना रशियात पुन्हा प्रवेश नाकारण्यात आला. पुढे युक्रेनच्या व्याप्त प्रदेशात, बेर्द्यान्स्क येथील इव्हान लेवित्स्की आणि बोहदान हेलेता या दोन ग्रीक-कॅथलिक धर्मगुरूंना नोव्हेंबर २०२२ मध्ये पकडण्यात आले. त्यांची सुटका जून २०२४ मध्ये झाली. बॅप्टिस्टाच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचलेला हात कॅथलिक वेदीपाशी येऊन थबकत नाही, हा याचा अर्थ.

ऑसेवार्ड यांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे दाद मागितली. ७ मार्च २०२३ रोजी निकाल लागला. त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग झाला आणि परदेशी म्हणून त्यांच्याबाबत भेदभावही झाला, असे न्यायालयाने ठरविले. याच न्यायालयाने १९९३ साली ग्रीसमधील कोक्किनाकिस खटल्यात एक महत्त्वाचा भेद सांगितला होता: आपल्या श्रद्धेची साक्ष देणे वेगळे आणि अनुचित मार्गांनी धर्मांतर घडविणे वेगळे. शासनाने बळजबरी, फसवणूक, आमिष यांना जरूर आळा घालावा. परंतु ती घडली आहे हे आधी सिद्ध करावे. केवळ परवानगीचा कागद नाही म्हणून शेजाऱ्याशी बोलणे हा गुन्हा ठरत नाही. दुर्दैव असे की, सप्टेंबर २०२२ मध्येच रशिया त्या मानवी हक्क करारातून बाहेर पडला होता. न्याय मिळाला, पण तो मुख्यत्वे कागदावर!

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला देतो. 'प्रसार' हा शब्द घटना समितीत साधकबाधक चर्चेनंतर ठेवला गेला. १९७७ साली रेव्ह. स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही. त्या निकालावर मतभेद असले, तरी आपला धर्म समजावून सांगण्याचा हक्क त्याने मान्यच केला आहे. मात्र काही राज्यांतील धर्मांतरविरोधी कायदे उत्तरोत्तर कठोर होत गेले. उत्तर प्रदेशात २०२४ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. त्याच राज्यातील फतेहपूर येथे २०२२ च्या पवित्र गुरुवारी एका चर्चमध्ये जमलेल्या भाविकांवरून सामूहिक धर्मांतराचे गुन्हे नोंदविले गेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील अनेक गुन्हे रद्द केले आणि फौजदारी कायदा हे निरपराधांना छळण्याचे हत्यार होऊ नये, असे बजावले. ओर्योल आणि फतेहपूर यांत अंतर हजारो किलोमीटरचे आहे. संशयाची रीत मात्र एकच.

येथे आपणही आरशात पाहावे. धर्मस्वातंत्र्याचा आग्रह ख्रिस्ती जगतात अगदी आरंभी धरणाऱ्यांत बॅप्टिस्ट होते. १६१२ च्या सुमारास थॉमस हेल्विस यांनी इंग्लंडच्या राजाला बजावले की, प्रजेच्या आत्म्यावर राजाची सत्ता चालत नाही. त्यापायी ते तुरुंगात गेले. आपल्या चर्चने हे स्वातंत्र्य पूर्ण स्पष्टतेने मांडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी. तोवर फ्रँकोच्या कॅथलिक स्पेनमध्ये १९४५ च्या सनदेनुसार कॅथलिकेतर पंथांना उघड धर्माचरणाची मुभा नव्हती. तेथील बॅप्टिस्टांनीही बंद दाराआड प्रार्थना केली आहे, आणि ती बंदी आपल्या नावाने होती. हे स्मरण ठेवूनच आपण इतरांच्या असहिष्णुतेविषयी बोलावे.

मराठी माणसावर तर बॅप्टिस्टांचे वेगळेच ऋण आहे. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालला आले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोसे होते, म्हणून कॅरी आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांना डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर येथे आश्रय घ्यावा लागला. एकत्र राहणे, एकत्र प्रार्थना आणि कमाई एकाच पेटीत, असा तो समूह होता. तेथूनच कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, शब्दकोश १८१० मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. वैजनाथ पंडितांसारख्या मराठी विद्वानाचे साह्य त्यामागे होते. राज्यकर्त्यांना भय वाटलेला तो चिमुकला प्रार्थनासमूह आपल्या भाषेला मुद्रित व्याकरण देऊन गेला!

याचा अर्थ आपल्यात आणि त्यांच्यात भेद नाहीत असे नव्हे. ते बालकांचा बाप्तिस्मा मानीत नाहीत. आपल्याकडे बाल्यावस्थेत स्नानसंस्कार झालेल्याला ते पुन्हा बाप्तिस्मा देतात, हे आपल्याला मान्य होणारे नाही. महागुरू, संस्कार, मरियेची भक्ती यांविषयीही अंतर मोठे आहे. तरीही १९८४ पासून व्हॅटिकन आणि जागतिक बॅप्टिस्ट संघटना यांच्यात संवादाच्या फेऱ्या झाल्या आहेत. भेद असूनही बंधुत्व राखता येते, याची ती खूण आहे.

वाचकहो, एक अवघड प्रश्न शेवटी उरतो. आपल्या धर्मग्रामातील एखादे कुटुंब अशा लहान मंडळीकडे वळते, तेव्हा आपण रागावतो, कुजबुजतो, क्वचित त्यांच्याशी बोलणे टाकतो. 'त्यांना कोणी फसविले?' असे आपण विचारतो. 'त्यांना आपल्यात काय मिळाले नाही?' असे विचारतो काय? मिस्साला शेकडो माणसे जमतात, पण शेजारच्या बाकावरील विधवेचे नाव आपल्याला ठाऊक असते काय? लहान मंडळीत आजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना होते, गैरहजर माणसाची दुसऱ्याच दिवशी विचारपूस होते, बायबल प्रत्येकाच्या हाती असते. हे सारे आपल्या लहान ख्रिस्ती समूहांकडूनही अपेक्षित आहे. परंतु बहुतेक ठिकाणी ती महिन्याकाठची औपचारिकता होऊन बसली आहे.

तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी कराव्यात. ज्यांच्या मतांशी आपण सहमत नाही त्यांच्याही दारात संशयावरून पोलीस उभे राहिले, तर त्यांच्या बाजूने बोलावे. स्वातंत्र्य एकट्यासाठी राखता येत नाही. आणि आपल्या आळीतील समूहाची पुढची सभा ज्या घरी असेल तेथे जावे, कोण आले नाही ते पाहावे आणि परतताना त्या घराची कडी वाजवावी. दोघां-तिघांच्या जमावालाही प्रभूने आपल्या उपस्थितीचे अभिवचन दिले आहे. रशियातील माणसे त्या अभिवचनासाठी दंड भरतात. आपल्याला तर अजून केवळ जिना चढायचा आहे.