पट्टीने मोजलेली पोरे

‘पोरगा चलाख आहे हो, पण अंगाने अगदीच किरकोळ. पुढच्या वर्षी बघू.’

या एका वाक्याने आमच्या वसई-विरारच्या मैदानांवरून जितकी पोरे घरी पाठवली असतील, तितकी पावसानेही पाठवली नसतील. पाऊस निदान चार महिन्यांनी थांबतो. हे वाक्य मात्र बारमाही आहे. दिवाळी सरून हवेत थोडा गारवा आला, की नालासोपाऱ्यापासून अर्नाळ्यापर्यंतची मैदाने जागी होतात. कबड्डीची मैदाने आखली जातात, क्रिकेटच्या चटया अंथरल्या जातात, संघ निवडायला मंडळी खुर्च्या टाकून बसतात आणि पहिल्या पाच मिनिटांतच हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडते. त्याच्याविरुद्ध एकदा कंबर कसून भांडावे, असे कित्येक वर्षे माझ्या मनात आहे.

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा संकेत आहे खरा. घरात फराळाची ताटे फिरत असताना वाचकाला कथा हवी, विनोद हवा आणि शेवटी राशिभविष्य हवे. पण हे भांडणही भविष्याचेच आहे आणि तेही अंगणात किल्ला करताना कोपरापर्यंत मातीने माखलेल्या तुमच्याच चिरंजिवाचे. तेव्हा राशीकडे वळण्यापूर्वी एवढे वाचून घ्यावे.

मी वसई तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षे व्यायामशिक्षक होतो. शिट्टी खुंटीला टांगून बराच काळ लोटला, तरी मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहण्याची खोड गेलेली नाही. त्या कडेवरून जे दिसते, ते सांगतो.

कोणी म्हणेल, खेळच तो. एक पोर संघात आले काय नि न आले काय, एवढा गहजब कशाला? हे म्हणणाऱ्याच्या घरी दहावीला बसलेला मुलगा नसावा. दहावी-बारावीला खेळाडूंना क्रीडागुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखलेल्या आहेत. त्या जागांकडे जाणारी वाट शाळेच्या १४ वर्षांखालील संघातून निघते. त्या संघात ज्याला घेतले, त्याला सामने मिळतात, सामन्यांमुळे सराव मिळतो, सरावामुळे तो सुधारतो आणि मग आपण म्हणतो, ‘बघा, आमची निवड किती अचूक होती!’ ज्याला वगळले, तो दोन वर्षांनी मैदान सोडतो. त्याचे काय झाले असते, हे सांगायला कोणी उरत नाही. निवडणाऱ्याला आपली चूक कधीच दिसत नाही, अशी ही मोठी सोयीची व्यवस्था आहे.

आता ‘अंगाने किरकोळ’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. मुलगा झपाट्याने वाढतो तो काळ कोणाला बाराव्या वर्षी येतो, कोणाला चौदाव्या, तर कोणाला पंधरा उलटल्यावर. तो आला, की एका वर्षात पोर आठ-दहा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार इंच उंच होते. खांदे भरतात, आवाज फुटतो, ओठावर मिसरूड येते. तेरा वर्षांच्या दहा मुलांना ओळीने उभे करा. त्यांत एखादा जवळजवळ बाप्या झालेला दिसेल, तर एखादा अजून आईच्या पदराशी शोभेल. दोघांचे वय एकच, फक्त शरीराची घड्याळे निराळी. या वयात उंची मोजणे म्हणजे कोणाचे घड्याळ पुढे आहे, ते पाहणे. खेळाचा त्याच्याशी संबंध किती?

त्यात भर जन्मतारखेची. शालेय स्पर्धांचे गट १ जानेवारी या तारखेवर ठरतात. जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. त्या वयात अकरा महिने म्हणजे लहान अंतर नव्हे. कॅनडात बर्फावरची हॉकी हा राष्ट्राचा लाडका खेळ. तिथे १९८० च्या दशकात अभ्यासकांनी वरच्या संघांतील खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची दाटी आढळली. देवाने सगळी गुणी बाळे जानेवारी-फेब्रुवारीतच जन्माला घातली, असे मानायचे असेल तर खुशाल माना. मी म्हणतो, ती दाटी निवड समितीने केलेली आहे.

आपल्याकडे याहून एक कडू प्रकार आहे. काही पालक, आणि दुर्दैवाने काही शिक्षकही, मुलाचे वय कागदावर कमी करतात. सोळा वर्षांचा दांडगा मुलगा चौदा वर्षांखालील गटात येऊन उभा राहतो आणि शेजारचा खऱ्या वयाचा मुलगा आपोआप ‘किरकोळ’ ठरतो. हा रोग इतका जुना आहे, की क्रिकेट मंडळाला सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांचे वय तपासावे लागते. डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड यांनी या वयचोरीवर खरमरीत टीका केली होती. एका निवड चाचणीत माझ्या डोळ्यांदेखत एका चपळ चढाईपटूला ‘हाडे मोडतील रे तुझी’ म्हणून बाजूला बसवले आणि त्याच्या जागी दाढी केल्याच्या खुणा असलेला ‘कुमार’ घेतला. त्या पोराच्या कागदात खोट नव्हती, एवढीच त्याची खोट!

तुम्ही म्हणाल, ही झाली तत्त्वे, दाखला द्या. दाखल्यासाठी मी लांब जात नाही. आमच्या विरारहून पहाटेची लोकल पकडून, पाठीवर आपल्याएवढेच ओझे घेऊन, वडिलांबरोबर वांद्र्याला जाणारा एक बुटका मुलगा होता. त्या गर्दीत मोठी माणसे चिरडतात, तिथे ते पोर रोज उभे राहून जाई. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात त्या चौदा वर्षांच्या पोराने ५४६ धावा केल्या. पृथ्वी शॉ त्याचे नाव. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा काढल्या. मोठेपणीही त्याची उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेरच राहिली.

गंमत अशी, की त्याच मालिकेतल्या पुढच्याच कसोटीत आमच्याच जिल्ह्यातला दुसरा मुलगा भारताकडून प्रथम उतरला. पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर. त्याची तऱ्हा उलटी. एक लहान म्हणून ओळखला जाई, तर हा जाडा म्हणून. वजन उतरव, असा वडीलकीचा सल्ला त्याला खुद्द सचिन तेंडुलकरने दिला होता आणि त्याने ते उतरवले. जलद गोलंदाज म्हणून त्याची उंचीही कोणाच्या डोळ्यांत भरणारी नाही. तरी जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला याच शार्दूलने सात बळी घेतले, वर ६७ धावा काढल्या. एक जिल्हा, दोन पोरे, आणि दोघांचीही शरीरे निवड समितीच्या साच्यात न बसणारी. जिल्ह्याने यावरून काही शिकावे की नाही?

‘पण पृथ्वीचे पुढे काय झाले?’ हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक आहे. त्याची कसोटीतली जागा गेली, २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघाने त्याला वगळले, २०२५ मध्ये तो महाराष्ट्राच्या संघात गेला. त्याच्या चढउतारांची कारणे ज्याला शोधायची त्याने शोधावीत. ५४६ धावा केल्या तेव्हा तो लहानच होता आणि १३४ केल्या तेव्हाही उंच नव्हता. यशात उंची आड आली नाही, मग अपयशाचे खापर तिच्या माथी का?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘फलंदाजी म्हणजे हातचलाखी, गावसकर, विश्वनाथ, तेंडुलकर सगळेच बुटके. जलद गोलंदाजीला मात्र उंची लागतेच ना?’ लागते, मी नाकारीत नाही. १९८७ मध्ये छोटा सचिन जलद गोलंदाज व्हायचे म्हणून मद्रासला डेनिस लिलीच्या शिबिरात गेला होता. लिलीने त्याला परत पाठवले, आणि योग्य केले. पण लक्षात घ्या, त्याने त्याला गोलंदाजांच्या रांगेतून काढले, मैदानातून नव्हे. बॅट हातात घे, असे सांगून पाठवले. आमच्याकडे पोराला कोणत्या रांगेत जा, हे सांगायची तसदी कोणी घेत नाही. सरळ घरी धाडतात.

आणि गोलंदाजीचा नियमही तुम्ही समजता तितका कडक नाही. जुन्या वाचकांना रमाकांत देसाई आठवत असेल. उंची जेमतेम सव्वापाच-साडेपाच फूट. इंग्रजी बोलणारे त्याला ‘टायनी’, म्हणजे चिमुकला, म्हणत. हा चिमुकला १९५९ पासून २८ कसोट्या खेळला आणि त्याने ७४ बळी घेतले. बऱ्याचदा भारताच्या जलद माऱ्याचा सारा भार त्याच्याच खांद्यांवर असे. १९६० मध्ये ब्रेबर्नवर पाकिस्तानविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन त्याने ८५ धावा ठोकल्या आणि नाना जोशींबरोबर नवव्या जोडीला १४९ धावांची भर घातली. पुढे १९९० च्या दशकात हाच गृहस्थ राष्ट्रीय निवड समितीचा अध्यक्ष झाला. ज्याला आमच्या चाचणीत पहिल्या पाच मिनिटांत घरी पाठवले असते, तो देशाचा संघ निवडीत बसला.

कुस्तीकडे वळा. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात असताना त्यांचा किरकोळ बांधा पाहून प्रथम त्यांना स्पर्धेत उतरू देईनात, असे सांगतात. ते प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि एकामागून एक गडी लोळवले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलोंच्या गटात त्यांनी ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीत वजनाचे गट असतात, कबड्डीतही वजनाची मर्यादा असते. म्हणजे लहान शरीराचा न्याय कसा करावा, हे आमच्या मातीतल्या खेळांना ठाऊक आहे. शहाणपण नियमांच्या पुस्तकात आहे, पण ते निवडणाऱ्यांच्या डोळ्यांत उतरत नाही.

हा आजार एकट्या आपलाच आहे, असेही नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. लंबवर्तुळाकार मैदान, प्रत्येक बाजूला अठरा गडी, हाताने-पायाने चेंडू मारायचा आणि उंच उडून झेलायचा. दरवर्षी तिथले क्लब पाळीपाळीने अठरा वर्षांची मुले निवडून घेतात. त्याआधी त्यांची उंची, धाव, उडी, सारे मोजून काढतात. अशा उंच माणसांच्या खेळात टोनी लिबरेटोर हा १६३ सेंटिमीटर उंचीचा खेळाडू १९९० मध्ये हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदक घेऊन गेला. एवढे होऊनही धडा गिरवला गेला नाही. २०१४ मध्ये १६८ सेंटिमीटरच्या केलेब डॅनियलला पंचेचाळीस मुले घेऊन झाल्यावर लिबरेटोरच्याच क्लबाने घेतले. दोन वर्षांत, २०१६ मध्ये, त्या क्लबाने बासष्ट वर्षांनी विजेतेपद मिळवले आणि डॅनियल त्या संघात होता. त्याच्या आधी निवडलेल्या पंचेचाळीस जणांत त्याच्यापेक्षा उंच पुष्कळ होते. त्याच्याइतका खेळ कितींना साधला?

आता उरला व्यवहारी आक्षेप. ‘गुरुजी, आम्हाला यंदाची ढाल जिंकायची आहे. दांडगी पोरे घेतली तर जिंकतो.’ जिंकाल की! पण चार वर्षांनी बाकीची पोरे वाढून बरोबरीला येतात. आजवर केवळ ताकदीवर खेळलेल्या दांडग्याला मग कळते, की आपल्याला खेळ शिकवलाच नाही. उलट, जो किरकोळ पोर मैदानात टिकला, तो टिकण्यासाठीच डोके वापरायला शिकलेला असतो. म्हणजे तुमच्या ढालीपायी दोन मुलांचे नुकसान झाले. वगळलेल्याचे झालेच, निवडलेल्याचेही झाले.

पालकांनाही दोन शब्द सुनावतो. भाऊबीजेला भावंडे जमली, की पोरांना पाठीला पाठ लावून उभे करू नका. बारला लोंबकळवून आणि महागड्या डब्यांतली भुकटी दुधात कालवून उंची वाढत नाही. आईबापांची उंची, पोटभर जेवण, झोप आणि वेळ, एवढ्यावरच ती ठरते. आमच्या वसईत वेलची केळे बोटाएवढे म्हणून कोणी उकिरड्यावर टाकीत नाही. उलट चार पैसे जास्त देऊन घेतात. खानदेशातल्या बसराईचे झाड बुटके असते, पण त्याच्या घडाला टेकू द्यावा लागतो. बागायतदाराला जे कळते, ते बापाला का कळू नये?

माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. निवड समितीच्या कागदावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे जन्माचा महिना लिहावा. आधी खेळ पाहावा, शेरा लिहावा, मग हवी तर पट्टी काढावी. इंग्लंडमधले काही फुटबॉल क्लब अधूनमधून मुलांना वयाऐवजी शारीरिक वाढीप्रमाणे गट पाडून खेळवतात. तसा एखादा रविवार आपणही करून पाहावा. प्रत्येक संघात दोन जागा उशिरा वाढणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. ज्याला वगळले, त्याला कारण लिहून द्यावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावे. आणि सोळा वर्षांपर्यंत ‘अंगाने लहान’ हे कारण कागदावर लिहायला बंदी असावी.

कारण लिहावे लागले, की माणूस विचार करतो. एवढ्या एका बंदीने या हंगामात आमच्या तालुक्यातली दहा पोरे मैदानात राहिली, तरी हे भांडण काढल्याचे मला समाधान वाटेल. ती सगळी कसोटी खेळतील, असे मी म्हणत नाही. ती खेळत राहतील, एवढेच मागतो.