भिंतीपलीकडचा चिखल

फ्लॅट दाखवताना एजंटने 'क्रीक व्ह्यू' हे दोन शब्द किमान दहा वेळा उच्चारले होते. ईएमआय सुरू झाल्यावर त्याचा अर्थ कळला. किचनच्या खिडकीतून सोसायटीची मागची भिंत दिसते, भिंतीपलीकडे हिरवी झुडपं, झुडपांखाली काळा चिखल. आणि ओहोटी असली की सडक्या अंड्यांचा वास. पाहुणे आले की आम्ही ती खिडकी आधी बंद करतो.

त्यामुळे गेल्या महिन्यात सेक्रेटरीकाका अर्ज घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी चालू कॉलमध्येच सही ठोकून दिली. 'मागील बाजूस वाढलेल्या झाडीमुळे डास व दुर्गंधीचा त्रास होत आहे, तरी सदर झाडी साफ करून मिळावी.' आपल्याला काय, डास गेले म्हणजे झालं!

त्याच आठवड्यात भाची राहायला आली. एस.वाय.बी.एस्सी., झूलॉजी. या सेमिस्टरला तिला इकोलॉजीचा पेपर आहे आणि फील्डवर्कची जागा निघाली नेमकी आमच्या भिंतीपलीकडची ठाण्याची खाडी. जेवताना मी मोठ्या ऐटीत अर्जाचा किस्सा सांगितला.

"मामा, तू सही केलीस?"

बस्स, एवढंच. मग दहा मिनिटं गप्प. आमच्या घरात कुणी दहा मिनिटं गप्प बसलं, तर मामला सीरियस असतो. शेवटी म्हणाली, "रविवारी पहाटे सहाला तयार राहा. फ्रेम उचलायला माणूस हवाय."

"रविवारी? सहाला?"

"ओहोटी तुझा वीकएण्ड बघून येत नाही."

तर रविवारी सकाळी मी, बारा मुलंमुली आणि त्यांच्या मॅडम, वनखात्याची परवानगी घेऊन, चिखलात. सगळ्यांच्या पायात गमबूट, माझ्या पायात नवे कोरे स्पोर्ट्स शूज. त्यांच्याबद्दल पुढे काही विचारू नका.

फ्रेम म्हणजे प्लंबरच्या पाइपचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन. नाव भारदस्त, क्वाड्रॅट. तो चिखलावर ठेवायचा आणि आत जे काही आहे ते मोजायचं. "चिखलात मोजायचं काय?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दोन मिनिटं अजिबात हलू नका."

आणि बॉस, चिखल हलायला लागला! बिळांमधून खेकडे बाहेर आले. त्यातल्या काहींचा एकच आकडा अंगापेक्षा मोठा, तो हलवून ते ट्रॅफिक हवालदारासारखे कुणाला तरी बोलावत होते. निवट्या, म्हणजे चक्क चिखलावर उड्या मारणारे मासे, इकडून तिकडे पळत होते. चिखलातून पेन्सिलींसारखी टोकं वर आलेली दिसत होती. ती तिवराची मुळं. खालच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. त्या एका चौकोनात खेकड्यांची बिळं भरली ४१. मुळं मोजायचा नाद मी शंभरनंतर सोडला.

"आता हे पान चाट," भाची म्हणाली. चाटलं. खारट! मुळांवाटे आलेलं जादा मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतो.

आपल्याकडे दर तिसऱ्या प्रेझेंटेशनमध्ये 'इकोसिस्टिम' हा शब्द असतो. स्टार्टअप इकोसिस्टिम, पेमेंट इकोसिस्टिम. हा शब्द मुळात १९३५ साली आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखात पहिल्यांदा छापला गेला. त्याचा फंडा सोपा होता. झाडं, प्राणी, माती, पाणी, हवा यांच्याकडे सुटंसुटं न बघता एकच यंत्रणा म्हणून बघायचं.

खाडीतल्या या यंत्रणेचा हीरो कोण? मी फ्लेमिंगोवर पैज लावली. हरलो. हीरो आहे गळलेलं पान. हिरवं पान खारफुटीत फार थोडे जीव खातात. पान चिखलात पडलं की खेकडे त्याचे तुकडे करतात, मग बुरशी आणि जिवाणू त्यावर तुटून पडतात. गंमत म्हणजे असं कुजणारं पान झाडावरच्या पानापेक्षा जास्त पौष्टिक होतं, कारण त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण वाढतं. मग ते कोळंबी खाते, माशांची पिल्लं खातात आणि त्यांना मोठे मासे. १९७०च्या आसपास एरिक हील्ड आणि विल्यम ओडम यांनी फ्लोरिडाच्या खारफुटीत ही साखळी उलगडून दाखवली. आपल्या ताटातल्या कोळंबीचं रेशनकार्ड त्या चिखलात आहे, असं म्हणा ना!

"आणि वास?" मी माझा मुद्दा सोडला नव्हता.

"ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा. पानं कुजवायचं काम चालू आहे. त्यात आपल्या गटारांचा वास मिसळतो, तो वेगळा."

"डास?"

तिथे तिने काही उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर मला बाल्कनीत नेलं आणि मनीप्लॅण्टखालची ताटली दाखवली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. खारफुटीत डास नसतातच असं नाही, पाणी अडलं की तिथेही होतात. पण डेंग्यूचा डास आणि शहरातला मलेरियाचा मुख्य डास, दोघांनाही लागतं साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. टाक्या, ड्रम, कुंड्यांखालच्या ताटल्या. म्हणजे माझ्या अर्जातला आरोपी माझ्याच बाल्कनीत राहत होता.

आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. तो अर्ज बेकायदेशीर कामाचा होता. २६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. जिथे आज आपली बीकेसीतली चकाचक ऑफिसं आहेत, त्या मिठीकाठच्या दलदलीत आणि खारफुटीत वर्षानुवर्षं भराव पडला होता. पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली आणि २०१८च्या निकालात ती कायम केली. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर स्थळ. २०२० साली तर पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. आणि आम्ही सह्या करून 'झाडी' साफ करायला निघालो होतो.

रात्री भाचीने जर्नलमध्ये आकृती काढली. पान, जिवाणू, खेकडा, कोळंबी, मासा, बगळा. सगळीकडे बाण. कोपऱ्यात एक चौकोन काढून त्यात लिहिलं, 'मामाची सोसायटी'. त्या चौकोनाकडे येणारे बाण दोन-तीन होते, मासे, भरतीपासून आडोसा, वगैरे. चौकोनातून खाडीकडे जाणारा बाण एकच होता. त्यावर लिहिलं होतं, 'सांडपाणी, प्लॅस्टिक'.

"एवढंच?" मी विचारलं.

"दुसरं काही असेल तर सांग, काढते."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीकाकांकडे जाऊन मी सही मागे घेतली. ते वैतागले, "अहो, असं कसं? मीटिंगमध्ये बोला मग!" येत्या रविवारी मीटिंग आहे. भिंतीपलीकडचा प्लॅस्टिकचा ढीग उचलावा आणि तिथे अडलेला पाण्याचा मार्ग मोकळा व्हावा, असा नवा अर्ज मी लिहिलाय. अजून माझ्या एकट्याचीच सही आहे. मला माणसांसमोर बोलायचं जाम टेन्शन येतं, पण बोलणार.

मनीप्लॅण्टची ताटली मात्र त्याच रात्री रिकामी केली.