मराठीच्या तासाला चिऊ-काऊ हवेत

उर्दू माध्यमाच्या शाळेतून मराठीत चांगले गुण घेऊन बाहेर पडलेली मुलं बँकेच्या खिडकीपाशी गप्प उभी राहतात. लिहिता येतं, बोलता येत नाही. याचं खापर घरच्या भाषेवर फोडलं जातं. मला ते पटत नाही. आपल्या दखनीतलं ‘नक्को’ हे मराठीच्या ‘नको’चंच रूप, मराठी आपल्या घरात परकी नाहीच. बी.एड.ला श्रवण, भाषण, वाचन, लेखन हा क्रम शिकवतात. शाळेत मात्र आपण थेट लेखनाला लागतो, आणि तोंडी परीक्षा म्हणजे पाठ केलेली कविता.

त्यापेक्षा चिऊ-काऊची गोष्ट घ्या, पुस्तक मिटून सांगा. पावसात घर वाहून गेलेला कावळा चिमणीचं दार ठोठावतो आणि ती दर वेळी नवी सबब सांगते. अर्धा वर्ग कावळे, अर्धा चिमण्या. काय विचारलं जाणार हे ठाऊक असल्यामुळे लाजरी मुलगीही तोंड उघडते. दोन फेऱ्यांनंतर सबबी मुलांच्या स्वतःच्या होतात: ‘थांब, अम्मीचा मोबाइल चार्जिंगला लावतेय.’ हे वाक्य कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार?

व्याकरणही इथंच होतं. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. उर्दूतला ‘घर’ पुल्लिंगी, म्हणून मुलं ‘माझा घर’ म्हणतात. फळ्यावर तक्ता लिहून ते सुटत नाही. शेणाचं घर, मेणाचं घर असं वीसदा बोलून कानात बसतं. मध्येच टोकू मात्र नये. गोष्ट थांबली की मूलही थांबतं.

सहकारी विचारतात, मग पोर्शन कधी संपवायचा? प्रश्न खरा आहे, तास मोजकेच असतात. मी आठवड्यातला एकच तास मागतो. त्यात नानीकडून ऐकलेली शेखचिल्लीची गोष्टही मुलांनी मराठीत सांगावी. शब्द अडला तर दखनी चालेल, मराठी शब्द वर्ग मिळून शोधेल.

आणि कृपा करून शेवटी ‘काय बोध मिळाला?’ विचारू नका. सगळे पुन्हा गप्प होतात. विचारायचंच असेल तर हे विचारा: भिजणाऱ्या शेजाऱ्याला दारात ताटकळत ठेवलं, हे चिमणीने बरोबर केलं का? आमच्या सातवीत घंटा झाल्यावरही यावर भांडण चालू होतं. मराठीत.