ट्रिप काकांच्या गावची

युरोप टूर म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? आयफेल टॉवर, स्विस आल्प्सवरचा बर्फ, नऊ रात्री-दहा दिवस आणि रोज संध्याकाळी गरमागरम इंडियन डिनर. माझ्या मावशीच्या लिस्टमध्ये यातलं काहीही नाही. मावशी ६७ वर्षांची, मुक्काम पोस्ट कोल्हापूर. तिला जायचंय पोलंडला. तेही ऐन नोव्हेंबरच्या थंडीत!

कारण काका. काका म्हणजे मावशीचे यजमान. २०२३ मध्ये गेले. जन्म शाहूपुरीतला, तांबडा-पांढरा रस्सा वाटीने नाही तर भांड्याने पिणारे, कुस्तीचं मैदान चुकवायचे नाहीत. फक्त डोळे घारे आणि रंग असा गोरा, की रंकाळ्यावर टुरिस्ट त्यांच्याशी इंग्रजीतून बोलायला जायचे. त्यांची आई, म्हणजे मावशीच्या सासूबाई, पोलिश होत्या.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात पोलिश सासू? होय, बॉस! दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची अख्खी वसाहत होती. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. चर्च, शाळा, थिएटर, सगळं होतं. ते परत गेल्यावर त्याच जागेत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहायला आले. आज आपण लग्नाचं कापड घ्यायला जातो ते गांधीनगर हेच. बहुतेक पोलिश मंडळी निघून गेली, मोजक्या मुली इथल्याच मुलांशी लग्न करून राहिल्या. सासूबाई त्यातल्या एक. साडी नेसायच्या, मराठी बोलायच्या, आणि दिवाळीत करंज्या तळायच्या ऐवजी उकडायच्या. आत बटाटा आणि पनीर. त्या करंज्या नव्हत्या, पिएरोगी होत्या, हे मावशीला लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळलं.

काकांना आईचं गाव बघायचं होतं. दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' ठरायचं. मग बँकेतली बदली आली, मुलीचं इंजिनीअरिंग आलं, बायपास आली. पुढचं वर्ष काही आलं नाही. आता मावशी म्हणते, 'त्यांचं राहिलं, मी जाऊन येते की.'

तर या ट्रिपचं प्लॅनिंग सध्या माझ्याकडे आहे. फ्रीलान्स जर्नालिस्ट म्हणजे रिकामी, असं खानदानात एकमत असल्यामुळे सोबत जाणारही मीच.

गाव आहे, देश बदलला

पहिला प्रश्न, जायचं नेमकं कुठे? सासूबाई १९२९ मध्ये जन्मल्या त्या ल्वूफ शहराजवळच्या खेड्यात. तेव्हा ते पोलंडमध्ये होतं. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून घुसल्या. फेब्रुवारी १९४० मध्ये तिथल्या हजारो कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि उत्तर रशियात पाठवलं गेलं. दहा वर्षांच्या सासूबाई त्यातल्याच एका गाडीत होत्या. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली, उझबेकिस्तानात आई गेली, १९४२ मध्ये इराण, मग कराची आणि शेवटी वळिवडे. बाप मात्र जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात भरती झाला.

युद्धानंतर सीमा सरकल्या. ल्वूफ सोव्हिएत युनियनमध्ये गेलं आणि १९९१ पासून ते युक्रेनचं ल्विव्ह आहे. आणि युक्रेनचं आकाश २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने हल्ला केल्यापासून प्रवासी विमानांना बंद. म्हणजे गाव जागेवर आहे, पण जाण्यासारखं नाही.

मावशीने नकाशा बघितला आणि म्हणाली, 'पोलंडहून रेल्वे जाते म्हणे. लोक जातात की.' यावर बेंगळुरूहून माझी मावसबहीण व्हिडिओ कॉलवरच कडाडली. 'आई, बाबांना घालवून बसलेय, आता तुलाही?' दोन दिवस मायलेकींचं बोलणं बंद. मधे मी, दोन्हीकडचे मिस्ड कॉल्स मोजत.

तिच्या रागात फक्त काळजी नव्हती. ती तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, 'बाबांच्या आजारात मी तिथे नव्हते. आता आई ही ट्रिप माझ्याशिवाय ठरवतेय.' नवीन नोकरी, सुट्टी शिल्लक नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्या-आमच्या पिढीचं दुखणंच ते.

तोडगा कागदपत्रांनी काढला. त्या भागातल्या चर्चची आणि जन्म-लग्नाची जी जुनी रजिस्टर्स वाचली, त्यातली बरीचशी आता वॉर्सात आहेत. जन्माच्या नोंदी १०० वर्षांपर्यंत आणि लग्न-मृत्यूच्या ८० वर्षांपर्यंत नोंदणी कार्यालयात असतात, त्यानंतर अर्काइव्हमध्ये जातात. सासूबाईंच्या जन्माला अजून १०० वर्षं झालेली नाहीत. म्हणजे अर्ज कार्यालयात, आणि तिथे नात्याचा पुरावा हवा. रक्ताचं नातं कुणाचं? नातीचं! मावसबहिणीने एका रविवारी बसून वडिलांचा आणि स्वतःचा जन्मदाखला स्कॅन केला, भाषांतर करून घेतलं, अर्ज पाठवला. नोंद मिळेलच असं नाही, सगळ्या गावांची रजिस्टर्स शिल्लक नाहीत. पण त्या दिवसापासून ट्रिप तिचीही झाली. ल्विव्हचा विषय मावशीने स्वतःहून बंद केला.

मग बघायचं काय?

एका ट्रॅव्हल एजंटने सगळं ऐकून घेतलं आणि पॅरिस-स्विसचं ब्रोशर पुढे सरकवलं. 'पोलंडमध्ये काय आहे मॅडम?' घ्या, काय आहे ते.

वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी तिथे गेले तेव्हा टीव्हीवर ते बघूनच मावशीने मनावर घेतलं. इकडे कोल्हापूरच्या महावीर उद्यानातही पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे. आपण रोज त्याच्या शेजारून जॉगिंग करत जातो.

मग व्रोत्सवाफ. १९४५ नंतर ल्वूफची कितीतरी पोलिश माणसं इथे येऊन वसली. सामानासोबत शहराच्या खुणाही आल्या. ओसोलिनेउम ग्रंथालयाचा मोठा संग्रह आणि रात्सवावित्से लढाईचं गोल भिंतीएवढं प्रचंड चित्र, दोन्ही मूळचे ल्वूफचे. गाव बघता येत नसेल, तर गावची माणसं जिथे गेली ते शहर बघावं.

तिथून क्राकुफ, आणि ट्रेनने पशेमिशल. हे युक्रेनच्या सीमेजवळचं गाव. २०२२ मध्ये युक्रेनहून निघालेले लाखो लोक याच स्टेशनवर उतरले. आम्ही तिथे असू १ नोव्हेंबरला. पोलंडमध्ये त्या दिवशी सुट्टी असते, घरोघरची माणसं दफनभूमीत जातात आणि प्रत्येक थडग्यावर काचेतला दिवा लावतात. आपल्याकडे पितृपक्ष, त्यांच्याकडे हा. मावशीला हे इतकं पटलं की सगळं वेळापत्रक त्या तारखेभोवती फिरलं.

आणि शेवटचा टप्पा पोलंडमध्ये नाहीच. सासूबाईंचे वडील मे १९४४ मध्ये इटलीत माँते कासिनोच्या लढाईत गेले. तिथल्या पोलिश दफनभूमीत हजारावर सैनिक आहेत. अख्ख्या घराण्यातलं जाऊन उभं राहता येईल असं एकच थडगं, तेही तिसऱ्याच देशात.

तुम्हालाही जायचं असेल तर

पोलंड आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये, त्यामुळे व्हिसा एकच. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि घरी बायपासचा इतिहास असो-नसो, ज्येष्ठांची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचा. पोलंडमध्ये युरो नाही, झ्वॉती चालतो. १ नोव्हेंबरला दुकानं बंद, खायचं आदल्या दिवशी घेऊन ठेवा. आणि वळिवड्याची माती बरोबर नेऊ नका. युरोपीय युनियनमध्ये बाहेरची माती न्यायला बंदी आहे. मावशीने भरलेला डबा मी काढून घेतला, त्या जागी आता काका आणि सासूबाईंचा एकत्र फोटो आहे.

रेस्तराँमध्ये 'पिएरोगी रुस्किए' मागा. बटाटा-पनीरचे, त्याच ल्वूफच्या मुलखातले. २०२२ नंतर काही हॉटेलांनी त्यांचं नाव बदलून 'युक्रेनी पिएरोगी' केलं. मावशीकडे त्यांना अजून उकडीची करंजीच म्हणतात.

परवा व्हिसाचा फॉर्म भरायला बसलो. 'प्रवासाचं कारण' या रकान्यात पर्याय होते. पर्यटन, व्यवसाय, कुटुंबाला भेट, वगैरे. मावशीचं बोट थेट कुटुंबावर. मी समजावलं, त्यासाठी तिकडून कुणीतरी बोलवावं लागतं, पत्र लागतं. आपण पर्यटनच लिहायचं.

'लिही मग,' मावशी म्हणाली. 'बोलावलंय कुणी ते मला ठाऊक आहे.'