विचारावें, पण उत्तर ऐकावें

पोलादपुरास महाबळेश्वराचा घाटरस्ता महामार्गापासून फुटतो. तेथें वाटसरूस "कोठें जाणार?" असें विचारणें शहाणपणाचें, पुढें प्रत्येक वळणावर तेंच विचारणें व्यर्थ होय.

संगणकाच्या बॅच फाइलींत "होय कीं नाहीं" हा प्रश्न घालण्याचें तसेंच आहे. १९९३ सालीं एमएस-डॉस ६ मध्यें त्यासाठीं 'चॉइस' ही आज्ञा आली. या प्रश्नांत होकारास १ व नकारास २ हा अंक मिळतो. परंतु 'इफ एररलेव्हल १' याचा अर्थ '१ किंवा त्याहून अधिक' असा आहे. म्हणून नकाराची कसोटी आधीं न घातल्यास, "नाहीं" म्हणणाऱ्याचीही फाइल पुसली जाते!

माझें मत असें कीं, प्रश्न केवळ परत न फिरणाऱ्या कृत्यापूर्वीं असावा, आणि काय पुसलें जाणार तें त्यांत नांवानिशीं सांगावें. पदोपदीं विचारल्यास बोट न वाचतांच होकाराची कळ दाबूं लागतें. विचारून नकार न ऐकणें तर न विचारण्याहून वाईट.

विद्यार्थिमित्रहो, हें यंत्रापुरतेंच नव्हे. "शास्त्रशाखेस जाशील ना?" असें मुलांस विचारणाऱ्या पालकांनींही नकाराची वाट आधीं मोकळी ठेवावी.