‘निकाली’ काढलं म्हणजे नक्की काय केलं?

आमच्या विंगमध्ये बाथरूमच्या बाहेर गीझरचा एक स्विच आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की तो झटका देतो. फर्स्ट इयरच्या एका पोराने रीतसर ऑनलाइन तक्रार-फॉर्म भरला. तिसऱ्या दिवशी शीटमध्ये त्याच्या नावापुढे हिरवा रंग आणि ‘क्लोज्ड’! पोरगं खूश. संध्याकाळी हात लावला, पुन्हा झटका.

चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. ऑफिसने तक्रार इलेक्ट्रिशियनकाकांना पाठवली, म्हणजे ऑफिसपुरतं काम संपलं. काकांकडे नवा स्विच नव्हता, म्हणजे त्यांच्यापुरतं काम सुरूच झालं नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते, बरं का! शीटमध्ये रकाना एकच, आणि त्यात ‘ओपन’ किंवा ‘क्लोज्ड’ एवढंच लिहिता येतं.

आपल्या कचेरीच्या मराठीत यासाठी झकास शब्द आहे – ‘अर्ज निकाली काढला’. यात अर्ज संपल्याची हमी आहे, अडचण संपल्याची नाही. आणि आपण तरी कुठे वेगळे? सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण होतं, दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानावर ‘चेक्ड’ची सही पडते. ते पान कोणी वाचलं, हे विचारायचं नसतं. असो.

सुट्टीत चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनिंगला गेलो होतो. तिथे सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नियर मिस’चा फॉर्म भरायचा असतो. म्हणजे अपघात होता होता वाचला, त्याची नोंद. फॉर्म दाखल झाला की पुढे तपासणी, जबाबदारी नेमणं, काम चालू, काम झालं, पडताळणी आणि मग बंद. पहिल्या दिवशी मला हसूच आलं, एका सैल नटसाठी एवढी वरात कशाला? पण त्यातली एक गोष्ट डोक्यात बसली. ज्याने काम केलं त्याला ‘बंद’चं बटण दिसतच नाही. ते दुसऱ्याने, जागेवर जाऊन बघून दाबायचं.

हे का, ते पायपर अल्फाची गोष्ट वाचल्यावर समजलं. उत्तर समुद्रातला तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. दिवसपाळीत पंप ‘ए’चा सेफ्टी व्हॉल्व्ह काढला होता, आणि उघड्या तोंडावर नुसती प्लेट बसवली होती. काम संध्याकाळपर्यंत पुरं झालं नाही. व्हॉल्व्हचं परमिट ‘स्थगित’ म्हणून ठेवलं गेलं. रात्री पंप ‘बी’ बंद पडला. कंट्रोल रूममधल्या माणसांना पंप ‘ए’च्या दुरुस्तीचं परमिट माहीत होतं, आणि ती दुरुस्ती सुरूच झालेली नव्हती. मग पंप चालवायला काय हरकत? व्हॉल्व्हचं परमिट वेगळं, ते त्यांच्यासमोर आलंच नाही. त्यांनी पंप ‘ए’ सुरू केला. वायू सुटला, स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. १९९०च्या कलन अहवालात १०६ शिफारशी आहेत. त्यात परमिटची पद्धत कशी असावी, यावरही बरंच आहे.

यात कोणी फॉर्म भरायला विसरलं नव्हतं, हे लक्षात घ्या. कागद होते. एकाच पंपाचे दोन कागद एकमेकांना ओळखत नव्हते, एवढंच.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. १५ जून २०२५, रविवार, मावळातलं कुंडमळा. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला, ४ जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता. नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटी रुपये मंजूरही झालेले होते. कागदावर प्रकरण छान पुढे सरकत होतं, पण ‘मंजूर’ आणि ‘बांधून झाला’ यांच्या मधल्या दिवसांत जुन्या पुलावर कोणी चढणार नाही, याची सोय कोणाच्या नावावर होती?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, आपल्या हॉस्टेलच्या शीटला तीन गोष्टी हव्यात. तक्रार ज्याने केली त्याच्या होकाराशिवाय ‘क्लोज्ड’ होऊ नये. काम अडलं असेल तर ‘अडकलं’ असा वेगळा रकाना हवा, कारणासकट. आणि अडकलं असेल तोवर काय केलं, तेही लिहायला हवं – फ्यूज काढला, स्विच बंद करून टेप मारली, काहीही.

यावर स्टाफची बाजूही ऐकली. काका म्हणाले, “अरे, तुम्ही पोरं काम झाल्यावर होकार द्यायला येणार का? मेसचं बिल भरायला तर येत नाही!” मुद्दा बरोबर आहे. आठ दिवस उत्तर आलं नाही तर बंद करावं. फक्त वीज, गॅस आणि लिफ्टच्या तक्रारी मात्र रेक्टरांनी स्वतः बघूनच बंद कराव्यात. पेंडिंगचा आकडा दर महिन्याला वर कळवावा लागतो, हेही काकांनीच सांगितलं. आकडा लहान दिसला की शाबासकी! मग हिरवा रंग लवकर लागणारच, त्यात त्यांचा काय दोष?

उगाच बारा-पंधरा रकाने मात्र नकोत. ट्रेनिंगमध्ये बघितलं, यादी लांबली की लोक शेवटचंच नाव निवडून मोकळे होतात.

शीट बदलायला दोन संध्याकाळ पुरतील. रेक्टरसरांनी हो म्हटलं तर आम्ही तिघं दिवाळीच्या सुट्टीआधी करून देतो. तोवर त्या स्विचवर टेप आणि ‘हात लावू नये’ची चिठ्ठी आम्हीच चिकटवली आहे. आंघोळ खालच्या मजल्यावर करावी.